शेवंती नुसतीच उंच जाते, डेरा धरत नाही: काय काय तपासायचं

दर वर्षी गणपती झाले की आमच्या सोसायटीत आणि ओळखीपाळखीत एकच तक्रार सुरू होते. "शेवंती वाढली खूप, पण नुसत्या काड्या. खाली टक्कल, वर चार पानं." गॅलरीतल्या आणि गच्चीवरच्या अशा कुंड्या मी बरीच वर्षं दुरुस्त करत आलोय. दुखणी दहा असली तरी कारणं तीच ती चार-पाच निघतात, आणि त्यातली बहुतेक फुकटात सुटतात. तरी लोक आधी दुकानातून टॉनिकची बाटली आणतात. म्हणून फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, या क्रमाने लिहितोय. हे सगळं पुण्याच्या आसपासच्या हवेला धरून आहे. कोकणात पावसाचा भाग वेगळा पडेल, तो तिथे सांगतो.

आधी आपलं दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा

झाड नीट बघा. दोन पानांमधलं अंतर बोटाच्या दोन पेरांएवढं पडलंय आणि खोड एका बाजूला झुकलंय, तर उजेडाचा प्रश्न. अंतर ठीक आहे पण खोड एकच, फांदीच नाही, तर शेंडा खुडलेला नाही. पानं मोठी, मऊ, काळपट हिरवी आणि कोवळ्या शेंड्यावर काळा मावा बसलाय, तर खत जास्त झालंय. खालची पानं पिवळी पडून गळतात पण त्यांवर डाग नाहीत, तर सावली किंवा पाणी. डाग आहेत, काळे-तपकिरी, आणि ते खालून वर चढतायत, तर करपा. झाड भरगच्च आहे पण नोव्हेंबर संपत आला तरी कळीचा पत्ता नाही, तर रात्रीचा दिवा. आणि माती ओली असूनही झाड भरदुपारी माना टाकतं, संध्याकाळीही सावरत नाही, तर पुढचं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

एकाच झाडाला दोन-तीन दुखणी असू शकतात, बहुतेक वेळा असतातच. तरी क्रम मोडू नका. उजेड सुधारल्याशिवाय शेंडा खुडलात तर एका काडीच्या तीन काड्या होतात, एवढंच.

दिवसाचं ऊन

एक सुट्टीचा दिवस काढा आणि कुंडीवर थेट ऊन कधी येतं, कधी जातं ते लिहून ठेवा. अंदाजाने सांगू नका. "आमच्याकडे भरपूर उजेड असतो" म्हणणाऱ्या घरात बऱ्याचदा दोन तास ऊन निघतं, बाकी नुसता उजेड. शेवंतीला थेट ऊन निदान पाच-सहा तास हवं. त्यापेक्षा कमी असेल तर झाड उजेडाच्या शोधात खोड ताणतं, आणि खालच्या पानांचा खर्च परवडत नाही म्हणून ती टाकून देतं.

जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऑक्टोबरपर्यंत तो दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत पावसाळ्यात ऊन आतच येत नाही आणि दिवाळीत मात्र कुंडी भाजून निघते. शेवंतीचा डेरा तर जून ते ऑगस्टमध्येच बनतो. तेव्हा त्या तीन महिन्यांपुरती कुंडी गच्चीवर किंवा कठड्याच्या बाहेरच्या मजबूत स्टँडवर नेता आली तर न्या, फुलायच्या वेळी परत आणा. कठड्यावर मोकळी कुंडी ठेवू नका, खाली माणसं चालतात.

कुंडी आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवा. त्यासाठी कडेला खडूची खूण केली की झालं.

कुंड्यांची गर्दी

याकडे कोणी बघतच नाही. जागा वाचवायला कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवतात, आणि मग मधली झाडं उंच, कडेची ठेंगणी. शेजारच्या पानांवरून परतलेल्या उजेडात दूरचा लाल किरण, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा लाल, जास्त असतो. झाडाला तो कळतो आणि "शेजारी आलाय, वर चला" असा त्याचा अर्थ ते लावतं. प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच हे सुरू होतं. म्हणून पानं एकमेकांना लागायच्या आत कुंड्या लांब करा. जागाच नसेल तर निम्मी झाडं देऊन टाका. चार डेरेदार झाडं दहा काड्यांपेक्षा जास्त फुलं देतात.

शेंडा खुडणं

खरी मेख इथे आहे. शेवंतीच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. वरचा शेंडा शाबूत असेपर्यंत तिथून खाली उतरणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब सुटतो आणि वरचे तीन-चार डोळे फुटतात. डेरेदारपणाची सगळी युक्ती एवढीच आहे. यासाठी बाटलीतलं काही लागत नाही.

रोप लावून साधारण चार आठवडे झाले, ते वितभर होत आलं आणि जोमात दिसलं की पहिली खुडणी. खाली पाच-सहा चांगली पानं राखायची आणि वरचा फक्त कोवळा शेंडा, बोटाच्या एका पेराएवढा, नखाने मोडायचा. तो कट्कन मोडला पाहिजे. ओढून तुटत असेल किंवा कात्री लागत असेल, तर तुम्ही फार खाली गेलात, तिथलं खोड जून झालंय आणि जून भागातून फूट कमजोर येते. रोप मलूल असताना खुडू नका. आधी ते सावरू द्या, कारण फुटायला साठा लागतो आणि तो पानांतून येतो.

तीन-चार आठवड्यांनी त्या फांद्या वितीच्या आत असतानाच त्यांचेही शेंडे खुडा. तीन-चारच्या दहा-बारा होतात. घरच्या दहा इंची कुंडीला एवढं पुरतं. तिसरी खुडणी करायची की नाही ते तारखेवर ठरवा.

थांबायची तारीख महत्त्वाची. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती आहे, रात्र लांबली की ती कळी धरते. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर हे दाखवून दिलं, शेवंतीही त्याच गटातली. आपल्याकडे दिवस ऑगस्टपासून चांगलेच आखडू लागतात, म्हणून माझा नियम १५ ऑगस्ट. झेंडावंदन झालं की शेंड्याला हात नाही. सप्टेंबरात खुडलंत तर शेंडा नाही, कळी खुडताय. फूल उशिरा येतं, बारीक येतं किंवा येतच नाही.

याची उलट बाजूही आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. युरोपातल्या उन्हाळ्यासारखे सोळा तासांचे दिवस आपल्याकडे नसतात. त्यामुळे काही जाती जून-जुलैमध्येच कळी धरून बसतात, आणि शेंड्यावर कळी बसली की त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. अशी अवेळी कळी दिसली तर हळहळू नका, खालच्या दोन-तीन पानांसकट काढून टाका.

ज्यांना प्रदर्शनात ठेवतात तसं एकच भलंमोठं फूल हवंय, त्यांनी हा सगळा भाग उलटा वाचावा. तिथे बाजूचे फुटवे आणि कळ्या काढून सगळी ताकद एका फुलाला देतात. डेरा आणि ताटाएवढं फूल, दोन्ही एका झाडाकडून मागू नका.

झाड आधीच काडी झालंय, आता काय

महिना कोणता ते बघा. जुलै असेल तर बिनधास्त कापा, पण जिथे हिरवी पानं आहेत तिथे. पूर्ण उघड्या लाकडी खोडावर कापलं तर फुटेलच याची खात्री नाही. कापलेला शेंडा फेकू नका. दोन-अडीच इंचांचा तुकडा घ्या, खालची पानं काढा, ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. रूटिंग पावडर लावली तर बरं, नाही लावली तरी शेवंती रुसत नाही.

सप्टेंबर लागला असेल तर काही कापू नका. काठ्या लावून बांधा, ऊन द्या, जी फुलं येतील ती बघा. डेऱ्याचा विचार पुढच्या जूनमध्ये.

रात्रीचा दिवा

हे फक्त "झाड छान, कळी नाही" वाल्यांसाठी. कळीला लांब आणि अखंड अंधार लागतो. मध्येच उजेड पडला की झाडाच्या हिशेबात रात्र मोडते, ते वाढतच राहतं आणि वर वर जातं. रस्त्यावरचा एलईडी, पार्किंगचा दिवा, शेजाऱ्यांचा रात्रभर जळणारा बल्ब, यांपैकी काहीही पुरतं. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात: कळी लांबवायची असेल तर मध्यरात्री दिवे लावतात, हवी असेल तर काळं कापड ओढतात.

रात्री अकरा वाजता कुंडीशी वर्तमानपत्र घेऊन उभे राहा. बातमी वाचता येत असेल तर संशय दिव्यावर. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा. हलवता येत नसेल तर संध्याकाळी साडेपाच ते सकाळी साडेसात पुठ्ठ्याचं खोकं किंवा दाट काळं कापड घाला, कळीवर रंग दिसेपर्यंत रोज. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण "आठवणीने कधीतरी" चालत नाही. अंधार सुरू झाल्यापासून फूल उमलायला जातीप्रमाणे सात-आठ ते दहा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत निकाल मागू नका. आणि महापालिकेचा दिवा गलोलीने फोडायचा विचार डोक्यात येतो, तो तिथेच ठेवा.

खत आणि पाणी

लांबलेल्या झाडाला "अशक्त दिसतंय" म्हणून युरिया घालणं हा आजारापेक्षा वाईट उपाय. युरियात ४६ टक्के नत्र असतं. नत्राने पानं आणि खोड वाढतं, तेही भुसभुशीत, आणि त्यावर मावा धावून येतो. कमी उन्हात तर हमखास. युरिया बंद. जून ते ऑगस्ट महिन्यातून एकदा मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) पाण्यातून, लिटरला एक ग्रॅम. कळी दिसू लागली की नत्र कमी करा आणि पालाशवर या, म्हणजे ०:०:५०, त्याच प्रमाणात. "थोडं जास्त घालू" नको. कुंडीत मीठ साठतं, पानांच्या कडा करपतात.

पाण्याची परीक्षा बोटाने. दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाला, ओल लागली तर पाणी नाही. पावसाळ्यात शेवंती तहानेने नाही, पाण्यानेच मरते. निव्वळ काळी माती कुंडीत भरली असेल तर ती चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही, खालची पानं पिवळी पडतात आणि दिसायला ते थेट उजेडाच्या कमतरतेसारखं दिसतं. कुंडी उचलून खालचं भोक बघा, मुळांनी किंवा मातीने बुजलेलं असतं. काडीने मोकळं करा, खाली विटांचे तुकडे द्या, खालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. तरी फरक नाही पडला तर कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. मुळं पांढरी असतील तर ठीक. तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर सडकी मुळं कापा आणि माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट किंवा जाड वाळू समभाग घेऊन पुन्हा लावा. कोकणात जून-जुलैभर कुंड्या पत्र्याखाली किंवा प्लास्टिकच्या आडोशाला ठेवाव्या लागतात, पण उजेड आडवू नका.

करप्याला औषधाआधी दोन गोष्टी: डागाळलेली पानं काढून घरापासून लांब टाकणं, आणि पानांवर पाणी न मारता मुळाशी घालणं. बुरशी पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर चढते. एवढ्याने थांबलं नाही तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, हातमोजे आणि मास्क घालून. खायच्या भाज्या, पुदिना शेजारी असतील तर आधी त्या हलवा.

"नर्सरीतून आणली तेव्हा गोल होती हो!"

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबरात चेंडूसारखी फुललेली कुंडी घेता, पुढच्या वर्षी तीच शेवंती कमरेएवढी होते. माणसाला वाटतं आपला हातच वाईट. तसं नसतं.

पहिलं म्हणजे त्या कुंडीत बहुधा एक झाड नसतंच. तीन ते पाच छाटकलमं गोलाकार लावलेली असतात. मातीशी बोटांनी चाचपा, खोडं वेगवेगळी लागतील. दुसरं, त्यांना बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, डॅमिनोझाइड किंवा पॅक्लोब्युट्राझॉल. दुसरं नाव कोकणात हापूस असलेल्यांना माहीत असेल, कल्टारमध्ये तेच असतं. ही औषधं झाडातलं जिबरेलिन, म्हणजे खोड लांबवणारं संप्रेरक, बनू देत नाहीत, त्यामुळे पेरं (दोन पानांमधलं अंतर) आखूड राहतात. औषधाचा असर ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीवर येतं. तुम्ही काही बिघडवलेलं नसतं.

घरी ही औषधं वापरू नका असंच मी सांगेन. कुंडीएवढ्या मातीला मात्रा इतकी थोडी लागते की घरच्या चमच्याने ती मोजता येत नाही. जास्त झालं तर झाड आखडून बसतं, आणि पॅक्लोब्युट्राझॉल मातीत फार काळ टिकतं, त्या मातीत पुढे टोमॅटो लावाल तर त्यालाही लागेल. त्यापेक्षा त्यांची पहिली युक्ती उचला: दहा इंची कुंडीत तीन छाटकलमं, तिन्ही खुडलेली. ऑक्टोबरमध्ये ती तीन झाडं आहेत हे कोणाला ओळखू येत नाही.

जात आणि आईझाड

वरचं सगळं झालं, दोन हंगाम गेले, तरी झाड उंचच, तर ते जातीत आहे. हारांसाठी शेतात लावतात त्या झिपरी, राजा, रेवडी, बग्गी या शेतासाठी जोखलेल्या जाती आहेत. कुंडीत त्यांनी गोल डेरा धरावा ही अपेक्षा आपली. कुंडीसाठी बुटक्या जाती वेगळ्या असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तर न खुडता, काठी न लावता आपोआप भरगच्च होणाऱ्या छोट्या शेवंत्या तयार केल्या आहेत. रोप घेताना नुसता रंग विचारू नका, उंची विचारा.

आपल्याच झाडांतूनही निवड करता येते. फुलं असतानाच सगळ्यांत आखूड पेरांच्या आणि न सांगता फांद्या फुटलेल्या झाडाला दोरा बांधा, कारण फुलं गेल्यावर सगळी सारखीच दिसतात. जानेवारीत ते जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापा. बुडाशी काश्या, म्हणजे मुळाजवळून निघणारे नवे फुटवे, फुटतील, त्या मुळांसकट अलग करून वाढवा आणि जूनमध्ये त्यांचे शेंडे घेऊन नवी रोपं करा. जुनंच खोड वर्षानुवर्षं ओढू नका, ते दर वर्षी आणखी लाकडी आणि आणखी उघडं होतं. बी धरून पेरायच्या फंदात पडू नका. शेवंतीच्या बियांतून आईसारखं झाड येत नाही, रंगही वेगळा, ठेवणही वेगळी. नवी जात शोधायचा छंद असेल तर गंमत आहे, डेरा हवा असेल तर छाटकलमच.

इथे एक सापळा आहे. झाड बुटकं आहे ते जातीने की आजाराने, हे बघा. पानं फिकी आणि लहान, फूल इतरांच्या आधी आणि बारीक, उंची बरोबरीच्या झाडांच्या निम्मी, असं असेल तर ते खुजेपणाच्या व्हायरॉइडचं (विषाणूपेक्षाही लहान रोगकारकाचं) लक्षण असू शकतं. असं झाड "किती छान आटोपशीर" म्हणून आईझाड केलंत, म्हणजे त्यावरून नवी रोपं केलीत, तर ती सगळी तोच रोग घेऊन जन्मतात. व्हायरॉइड कात्रीने आणि हातानेही पसरतो. संशय आला तर त्या झाडाला शेवटी हात लावा आणि नंतर कात्री, हात साबणाने धुवा.

इथे थांबा, जाणकाराला विचारा

माती ओली असून झाड कोमेजतंय आणि खोड आडवं कापल्यावर आत तपकिरी रेघ दिसतेय, तर तो मर रोग आहे. त्या झाडावर पैसे घालवू नका. मातीसकट काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. एकापेक्षा जास्त झाडांत तेच दिसलं, किंवा पानांवर ठिपक्याठिपक्यांचा पिवळा-हिरवा नकाशा आणि खुजेपण एकत्र दिसलं, तर घरचे प्रयोग बंद. दोन वेगवेगळी औषधं मारून फरक पडला नसेल तर तिसरं आणू नका. गुंठाभर किंवा जास्त लागवड असणाऱ्यांनी तर पहिल्याच झाडाला विचारावं, तिथे आठवडाभराचा उशीर महाग पडतो.

विचारायचं कुठे? गावात असाल तर सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र, बारामती आणि नारायणगावला आहेतच. पुण्यात गणेशखिंडीला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि गच्चीवरच्या कुंड्यांखाली स्लॅब ओलावत असेल, खालच्या घरात डाग पडत असतील, तर तो माळ्याचा विषय नाही. कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.

दाखवायला नेताना एखादं पान नेऊ नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. अख्खं झाड मुळं आणि थोड्या मातीसकट कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये ते वाटेतच सडतं. रोप कधी लावलं, कधी खुडलं, कोणतं खत आणि औषध कोणत्या तारखेला घातलं, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. पहिले प्रश्न तेच विचारतात.